पालकसभेत मी उभी राहिले

अगं, तुला आमच्या पालकसभेचं सांगितलंच न्हाय. सर सगळ्यांसमोर शाळेचा निकाल वाचत होते. "तिसरीत अकरा मुलं. सात नीट वाचतात, चार अडखळतात."

माझी आरती अडखळते. जीव इतका घाबरला की मी उभीच राहिले. "सर, त्यातली एक माझी. माफ करा."

जाऊबाईंनी पदर ओढला. "अगं, नाव कुठं घेतलं त्यांनी?" सगळे हसले.

सर हसले न्हाईत. "ताई, तुम्ही बसा. माफी मागायला मी उभा आहे."

तवापासून शाळा सुटल्यावर ते चौघांना अर्धा तास शिकवतात. काल आरतीनं तेलाच्या पिशवीवरचं सगळं घडाघडा वाचलं. सकाळी शाळेत जाऊन मी सरांना हात जोडले, तर म्हणाले, "अजून तिघं राहिलेत, ताई."