अंजिराचा चीक

सून : मी सरळ नाही म्हणून सांगितलं डॉक्टरांना. डोळ्यात काही गेलं नाही, काही लावलं नाही. मग किडाबिडा चावला असेल, म्हणाले.

आजोबा : हं.

सून : नर्सनं मला बाहेर काढलं. ठकीला डोळा उघडताच येत नाहीये हो, बाबा! नुसतं पाणी गळतंय.

आजोबा : किडा... असेलही. अंजिरावर मुंग्या फार.

सून : सकाळभर परसात तुमच्याजवळच होती ना?

आजोबा : होती. मी फांद्या छाटत होतो, ती फळांना पिशव्या बांधत होती. पाखरं एक अंजीर ठेवत नाहीत.

सून : मग एवढा घाम का फुटलाय तुम्हाला? बाबा, इकडे बघा.

आजोबा : तिच्या पापणीच्या कडेला ती चामखीळ होती ना ग...

सून : होती. मग?

आजोबा : शाळेत चिडवतात म्हणून रडली. कच्चं अंजीर खुडलं की देठातून पांढरा चीक येतो. माझ्या पायावरची चामखीळ आईनं त्यानंच घालवली होती. काडीच्या टोकानं एकच थेंब लावला, ग. तिनं डोळा चोळला.

सून : अहो, तो चीक भाजतो! छाटायला एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालता तुम्ही! मला लांब हो, लांब हो म्हणून ओरडता!

आजोबा : अक्कल गहाण पडली माझी.

सून : आणि इतका वेळ तोंडातून ब्र नाही काढलात?

आजोबा : भ्यालो. तू तिला पुन्हा माझ्याजवळ सोडणार नाहीस, म्हणून भ्यालो.

सून : ते नंतर बघू. आधी आत जाऊन सांगा.

आजोबा : तूच सांग ना. माझी जीभ रेटत नाही.

सून : नाही. लावलाय तुम्ही. कधी, किती, कुठं, सगळं सांगायचं. उठा!

(दोघं आत जातात. बऱ्याच वेळानं ठकीला घेऊन बाहेर येतात. तिच्या एका डोळ्यावर पट्टी आहे.)

आजोबा : डॉक्टर नेमकं काय म्हणाले ग? मला धड ऐकूच आलं नाही.

सून : वेळेवर कळलं, धुता आलं. नजर वाचेल बहुतेक. उद्या पट्टी काढल्यावर नक्की सांगतील.

आजोबा : बहुतेक... घरी गेलो की कुऱ्हाडच घालतो त्या झाडावर.

सून : झाडानं काय केलंय?

ठकी : आई, मला पायरी नीट दिसत नाहीये.

सून : माझा हात धर.

ठकी : आजोबांचा धरते. आजोबा, हात द्या ना.

सून : धरा, बाबा. घट्ट धरा.