वेळेवर येणारा माणूस

आजच्या सभेचे अध्यक्ष रेव्हरंड ॲकन, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले लेखक मिस्टर एसुमान, पुस्तकांच्या दुकानाच्या मालकीणबाई मिस डॅझी, आणि समोर बसलेले सेकोंडीचे वाचक, न वाचणारे, आणि नुसत्या जेवणाच्या वासाने आलेले बंधुभगिनी. आपल्या रीतीप्रमाणे मी उजव्या हाताकडून सुरुवात करून सगळ्यांना अभिवादन करते.

मी एफुआ क्वेसन. रेल्वे कॉलनीच्या कोपऱ्यावर माझं शिवणाचं दुकान आहे. मी शाळेत शिकलेली नाही. तरी आमच्या वाचक मंडळाने मला उभं केलं. आंटी अरबा म्हणाली, "तू खरं बोलतेस आणि लवकर संपवतेस." यातलं पहिलं खरं आहे.

मिस्टर एसुमान यांनी पापा बेन्सिलच्या बावीस कादंबऱ्या लिहिल्या. जेवणासाठी आलेल्यांकरिता सांगते, पापा बेन्सिल हा अंत्यविधीला खुर्च्या आणि मांडव भाड्याने देणारा माणूस. दर शनिवारी तो कुणाच्या तरी अंत्यविधीत हजर. लोक रडतात, जेवतात, कापडाच्या रंगावरून भांडतात, आणि हा आपला कोपऱ्यात खुर्च्या मोजत उभा. कोण खोटं रडतंय ते त्याला कळतं. मग चोर सापडतो, कधी खुनी सापडतो. खरं म्हणजे ते सगळं त्याच्या बहिणीने, मान्साने, भांडी घासता घासता आधीच ओळखलेलं असतं. हा फक्त मोठ्या आवाजात सांगतो. अशी घरं आपल्याकडे कमी आहेत का?

आता वाचकांची मतं. साहेब, आज निरोप आहे म्हणून गोड बोलावं असं मला सांगितलं होतं. पण बावीस पुस्तकं तुम्ही आम्हाला खोटं ओळखायला शिकवलंत, आता आम्ही तुमच्यासमोर खोटं कसं बोलणार?

बोकडाचं पुस्तक सगळ्यांत चांगलं, यावर मंडळात दुमत नाही. नववं पुस्तक कंटाळवाणं आहे. तुम्ही तेव्हा आजारी होता असं मिस डॅझी सांगतात, ते आम्ही धरून चाललो आहोत. मांडव पाचव्या पुस्तकात निळा होता, सहाव्यात हिरवा झाला, आणि नवा घेतल्याचं कुठे लिहिलेलं नाही. मान्सा पहिल्या पुस्तकात पन्नाशीची होती. आमचे गुडघे गेले, तिची पन्नाशी अजून संपलेली नाही. आंटी अरबा विचारते की ती कुठलं तेल लावते. आणि पापा बेन्सिलने त्या पाववाल्या विधवेशी लग्न करावं की नाही, यावर मंडळात इतकं भांडण झालं की दोन माणसं महिनाभर चर्चमध्ये वेगळ्या बाकांवर बसली. ती दोघंही आज इथे आहेत. नावं घेत नाही. ती पुन्हा लांब लांबच बसली आहेत, हे मात्र मला इथून दिसतंय.

पण मला सांगायचं आहे ते मताबद्दल नाही, अंदाजाबद्दल आहे.

आमचं मंडळ रविवारी चर्चनंतर आमच्या दुकानापुढच्या पडवीत भरतं. पुस्तकाची प्रत एकच. मास्तर ओटू मोठ्याने इंग्रजी वाचतात, बाकीचे ऐकतात, आपल्या फान्टी भाषेत प्रश्न विचारतात, मास्तर रागावतात, वाचन पुढे जातं. शेवटच्या प्रकरणापाशी मात्र मास्तर पुस्तक बंद करून वर आपली टोपी ठेवतात. मग प्रत्येकाने गुन्हेगाराचं नाव सांगायचं. पुढच्या रविवारी शेवट वाचायचा. ज्याचा अंदाज चुकला त्याने सगळ्यांना तळलेले मासे आणायचे.

माझे पती एबो क्वेसन रेल्वेत गार्ड होते. त्यांचा अंदाज कधीच बरोबर आला नाही. एकदाही नाही. बाकीचे कधी चुकत, कधी बरोबर येत, पण एबोंचे मासे ठरलेले. शेवटी शेवटी लोक विचारायचे, "एबो, या वेळी काय तळणार?" पुस्तकाचं नाव कोणी विचारतच नसे.

आणि त्यांची एक पद्धत होती. ते म्हणायचे, "जो माणूस वेळेवर येतो, तोच चोर."

मास्तर म्हणायचे, "अहो क्वेसन, वेळेवर येणं हा सद्गुण आहे."

"मास्तर, मी सगळं आयुष्य या रेल्वेत काढलं. वेळेवर येणाऱ्याच्या मनात काहीतरी असतंच."

चौदाव्या पुस्तकात पाद्र्याचा ड्रायव्हर वेळेवर येत होता. एबोंनी त्याचं नाव सांगितलं. मास्तरांनी टोपी ठेवली. पुढचा रविवार यायच्या आधी माझे पती गेले. सकाळी दाढी करता करता बसले, ते उठले नाहीत.

त्यांचा अंत्यविधी तुमच्यातल्या अनेकांनी पाहिला आहे. खुर्च्या कमी पडल्या होत्या. मला तेव्हाही वाटलं, पापा बेन्सिल असता तर कमी पडू दिल्या नसत्या.

त्यानंतर मास्तर आणि आंटी अरबा माझ्याकडे आले. मी काळ्या कापडात, जमिनीवर बसलेली. मास्तर म्हणाले, "एफुआ, मंडळाने ठरवलंय. तुझं काळं उतरेपर्यंत शेवटचं प्रकरण कोणी वाचणार नाही. त्याने नाव सांगितलंय. त्याच्या माघारी निकाल लावणं बरं दिसत नाही." आणि त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. "तू शिवणकाम करतेस. शेवटची पानं तूच शिवून टाक."

मी काळ्या दोऱ्याने ती पानं शिवली. पती गेल्यानंतर सुई पहिल्यांदा हातात धरली ती तेव्हा.

विधवेचं वर्ष आपल्याकडे कसं असतं ते बायकांना सांगायला नको. बाहेर जायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही. मला फान्टी वाचता येत होतं, चर्चच्या गीतांच्या पुस्तकापुरतं. इंग्रजी ऐकून कळायचं, वाचता येत नव्हतं. पण चौदाव्या पुस्तकाची गोष्ट मी कानांनी ऐकलेली होती. कोण कुठे काय बोलतं ते मला पाठ होतं. मग मी एकेका शब्दावर बोट ठेवलं आणि ऐकलेलं वाक्य त्याला जुळवत गेले. जिथे बेन्सिल रागावतो तिथे रागाचे शब्द कुठले ते मला आधीच माहीत होतं. अशी मी वाचायला शिकले. शिकवायला कोणी नव्हतं. एबोंचा ड्रायव्हर होता.

माझ्या सोबतीला नणंद होती, एकुआ वन्सं. त्यांना ते पटलं नाही. "वहिनी, विधवेने असं पुस्तक धरून बसायचं? लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "वन्सं, तुमच्या भावाचा निकाल या पुस्तकात अडकलाय."

चार दिवसांनी पेज ढवळता ढवळता त्या म्हणाल्या, "त्या ड्रायव्हरला पगार कोण देत होतं, ते लिहिलंय का कुठे?"

वर्षभर मंडळाने शब्द पाळला. साहेब, ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसेल. तुमचं पुस्तक शेजारच्या ताकोराडीत विकलं जात होतं, शेवट अर्ध्या जगाला माहीत होता. आंटी अरबाचा भाचा तिकडून आला आणि पडवीत बसून म्हणाला, "अगं मावशी, तो खुनी तर..." आंटीने हातातला मक्याच्या केंकीचा अख्खा गोळा त्याच्या तोंडात कोंबला. तो गिळेपर्यंत त्याला बसच्या थांब्यावर नेऊन पोचवलं. त्याचं सामान दुसऱ्या दिवशी पाठवलं.

वर्ष झालं. मी काळं उतरवलं, पांढरं नेसले आणि रविवारी पडवीत पुस्तक घेऊन बसले. मास्तरांनी वाचायला हात पुढे केला. मी म्हटलं, "मास्तर, आज मी वाचते." त्यांनी हात मागे घेतला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी दोरा उसवला. हळूहळू वाचलं. एकेक शब्द. कोणी मध्ये प्रश्न विचारला नाही, आणि आमच्या मंडळात तसं आधी कधी झालं नव्हतं. मला भीती कशाची होती सांगू? ते बरोबर निघाले तर, याची. आयुष्यात एकदाच बरोबर यावं आणि तेव्हाच ते नसावेत, हे मला सोसलं नसतं.

शेवटी आंटी अरबाला राहवेना. "मग ड्रायव्हर?"

मी पुढचं वाक्य वाचलं आणि वर बघितलं. "ड्रायव्हरने काही केलेलं नाही. तो वेळेवर येतो कारण त्याच्या घरी सासू आहे."

पडवी हसली. मी हसले. एकुआ वन्सं तोंडाला पदर लावून हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या. आणि मी शिलाई मशीनच्या मागून झाकलेलं पातेलं काढलं. मासे मी सकाळीच तळून ठेवले होते. मला माझा नवरा माहीत होता.

त्या दिवसापासून मंडळात माझे दोन अंदाज असतात. एक माझा, एक त्यांचा. त्यांचा अंदाज सांगायला मला कष्ट पडत नाहीत. कारण साहेब, तुमच्या प्रत्येक पुस्तकात कोणीतरी एक माणूस वेळेवर येतोच. ते तुम्ही मुद्दाम करता की तुमच्या हातून होतं, हे मी विचारणार नाही. प्रत्येक वेळी तो निर्दोष निघतो आणि प्रत्येक वेळी मी मासे तळते. दुकानात दिवसभर मी एकटी असते. संध्याकाळी घरी एकटी असते. पण पुस्तक आलं की घरात दोन मतं असतात.

म्हणून तुम्ही मालिका थांबवून लेकीकडे तमालेला निघालात हे कळलं, तेव्हा मंडळातले बाकीचे हळहळले. तुम्हाला थांबायचा हक्क आहे. तुमच्या डोळ्यांनी साथ सोडली आहे; मीही आता सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारते. पण माझ्या मनात एवढंच आलं, की आता एबोंचं मत कुणाबद्दल घ्यायचं?

हे तुमचं बाविसावं पुस्तक. शेवटचं. आम्ही ते शेवटच्या प्रकरणापर्यंत वाचलं आहे. पुढची पानं ही अशी आहेत. मागच्यांना दिसत नसेल तर सांगते, शिवलेली आहेत. या वेळी पांढऱ्या दोऱ्याने, कारण कोणी मेलेलं नाही. आपल्याकडे जवळचं माणूस गेलं की आपण वर्ष धरतो. तुम्ही जाताय, म्हणून मंडळ वर्षभर ही पानं उसवणार नाही. ताकोराडीकरांना विनंती आहे की त्यांनी सेकोंडीत तोंड सांभाळून यावं. आंटी अरबाची केंकी तयार आहे.

अंदाज मात्र सांगून झालेत. माझा मी सांगत नाही, तो साधा आहे. एबोंचा सांगते. या पुस्तकात कोण वेळेवर येतं, ते मी दोनदा वाचून बघितलं. पाववाली उशिरा येते. पोलीस उशिरा येतो. प्रेतसुद्धा उशिरा येतं. वेळेवर येतो तो एकच. बावीस पुस्तकांत पहिल्यांदा, खुर्च्या घेऊन, वेळेवर आलाय तो पापा बेन्सिल.

माझ्या नवऱ्याचं मत आहे की या वेळी चोर पापा बेन्सिलच आहे.

साहेब, तुम्ही आत्ता रुमाल तोंडावर धरलात. धरा. काही बोलू नका, रेव्हरंडसाहेबांकडेही बघू नका. वर्ष जायचं आहे. फक्त मंडळातल्या लोकांना मी एक सांगून ठेवते. या खेपेला मी मासे आधी तळणार नाही.

मिस्टर एसुमान, तुम्ही आमच्या पडवीला बावीस पुस्तकं पुरवलीत आणि माझ्या घराला माणूस. त्याबद्दल मंडळाच्या वतीने आणि क्वेसन घराच्या वतीने तुमचे आभार. खुर्च्यांबद्दल, जेवणाबद्दल, आणि मला एवढा वेळ माईक दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. मी शिकलेली बाई नाही. नववं पुस्तक लिहिणाऱ्याला लागेल असं काही बोलले असेन, उजवीकडून अभिवादन करताना कोणी राहून गेलं असेल, तर पोटात घाला. तमालेचा प्रवास लांबचा आहे. सावकाश जा, साहेब, आणि पोचायचं तेव्हा थोडं उशिराच पोचा.