न बोलणाऱ्यांच्या मुलखात

आसिया : नाय म्हंजे नाय! पाय मोडून घेतलास, आता काय मान मोडायला परत जातेस त्या फिनलंडला?

हुदा : अम्मी, पाय बरा झालाय. शेवटचं वर्ष राहिलंय फक्त.

आसिया : इथे शीक ना. मुंबई काय बुडाली? माझी पोर तिकडे बर्फात पडलेली, आणि मी इथे भाकऱ्या थापत होते. तिथे माणूस माणसाशी बोलत नाय, हे तुझे अब्बाच सांगत होते.

शकील : मला कुवेतला एकाने सांगितलेलं. म्हणे, तिकडे बसस्टॉपवर माणसं अशी लांब लांब उभी राहतात, जणू सगळ्यांचं आपसात भांडण झालंय. मी म्हटलं, लोक उगाच बदनाम करतात. असं कुठे असतं?

हुदा : असतं अब्बा. अगदी तस्संच. मी दार उघडलं की समोरचं दार आतून बंद! आपण जिना उतरून जाईपर्यंत बाहेरच येणार नाहीत. आधी वाटलं, माझा हिजाब बघून करतात. खूप रडले मी त्यावरून. मग कळलं, सगळे सगळ्यांशी तसेच.

आसिया : बघा! आणि इथे माझ्या दारात नवी चप्पल दिसली, की शकूवहिनी हजर. कोण पाहुणं आलं?

शकील : आणि तू तिला पाहुण्याचा पगारसुद्धा सांगतेस.

आसिया : मग? शेजारी कशाला असतात? हुदा, तुला उचललं कोणी, ते अजून धड सांगितलं नायस.

हुदा : फोनवर तू नुसती रडायचीस, ऐकायचीस कुठे? समोरच्या हेल्वीआजींनी उचललं. मी कचरा टाकायला उतरले आणि घसरले. त्या घरातल्या सपातांवर धावत आल्या. स्वतःचा कोट काढून माझ्यावर घातला. अँब्युलन्समध्ये चढल्या. ऑपरेशननंतर डोळे उघडले, तर समोर खुर्चीत बसलेल्या.

आसिया : काय बोलली?

हुदा : काहीच नाही.

आसिया : दिवसभर?

हुदा : दिवसभर. माझा हात तेवढा धरून होत्या.

शकील : या अल्लाह...

हुदा : मी घरी आले, तर रोज दुपारी बेल वाजायची. कुबड्या घेऊन दारापर्यंत जाते तोवर आजी गायब! उंबऱ्यावर सूपचं गरम पातेलं. मासळी, बटाटे आणि दूध.

आसिया : मासळीत दूध? अगो, अंगावर कोड फुटतं! आणि तू प्यायलीस?

हुदा : पातेलं चाटूनपुसून. पण अम्मी, रोज मासळीच. कधी मटण नाही, चिकन नाही. शेवटी मी मेसेज करून विचारलं, मासळीच का?

आसिया : मग?

हुदा : म्हणाल्या, दुकानात तू मटणाचं पाकीट उलटंसुलटं करून वाचतेस आणि परत ठेवतेस. मासळीचं ठेवत नाहीस.

आसिया : ...म्हंजे लक्ष होतं तिचं तुझ्यावर.

हुदा : मी राहायला गेले तेव्हापासून.

आसिया : आणि मी इथे त्या मुलखाला शिव्या घालत होते. माझ्या पोरीच्या तोंडात हरामचा घास जाऊ दिला नाय गो तिने. अल्ला तिचं भलं करो. लाव फोन. तिचं तोंड बघून शुक्रिया म्हणायचंय मला.

हुदा : आत्ता? अम्मी, त्या बोलत नाहीत, आणि तू एकदा सुरू झालीस की...

आसिया : लाव म्हणते ना!

(हुदा फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते. पडद्यावर एक म्हातारी येते.)

हुदा : हेल्वीआजी, ही माझी आई. अम्मी, बोल. ...अम्मी?

शकील : हिचा आवाज बंद? निकाहापासून पहिल्यांदाच बघतोय.

हुदा : अम्मी, रडू नकोस ना. बघ, त्यांचेही डोळे भरले. काय सांगू त्यांना?

आसिया : सांग, पोर परत येतेय म्हणून.

हुदा : ...खरंच? सांगते. आणि?

आसिया : आणि काय नाय. तू गप बस. आमचं बोलणं चाललंय.