साइट झटकन उघडते

मला तयार ब्लॉग नको होता, म्हणून सगळा कोड मी स्वतः लिहिला. तर एके दिवशी होस्टिंगवाल्याचा फोन. "सर, तुमच्या साइटमुळे त्याच सर्व्हरवरच्या बाकीच्या साइट बसतायत."

मला वाटलं, वाचक तुटून पडलेत. साइट कोण, कुठून उघडतंय याची नोंद असलेला लॉग बघितला, तर एकच माणूस दिवसभर पान रिफ्रेश करत होता. ते निघाले आमचे वडील, अण्णा. एकलहऱ्याच्या घरी बसून, माझा लेख आला का बघत होते.

माझ्या कोडमुळे पान इतकं जड झालं होतं की एका माणसानेही सर्व्हर दमत होता. मी दोन महिने खपून ते हलकं केलं आणि अण्णांना फोन लावला.

"झटकन उघडतं रे आता," ते म्हणाले. "पण लिहिलंयस कुठं काय?"

कोडच्या नादात एकही लेख लिहिला नव्हता.

पहिला लेख टाकला तो अण्णांच्या तेराव्यानंतर. साइट झटकन उघडली. उघडणारा मीच होतो.