कोरड्या हातांचा नमस्कार

मोघेकाकू, आणि काकांसाठी इथे जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मी कोपरीहून आले. शोकसभेत बोलायची सवय नाही, म्हणून घरून लिहून आणलंय. तरी मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

मोघेकाका जुन्या कागदांवरचे डाग लेसरनं काढायचे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मला नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं, की आमच्या सासूबाईंच्या वहीतली कुलदेवीची आरती वाचता येईनाशी झालीय. ती छापलेली कुठेच नाही. सासूबाई गेल्या, आणि घरात कुणाला पाठ नव्हती. वही होती ना, मग पाठ कोण करतंय?

आणि वही खराब कुणी केली? मीच. दर दसऱ्याला ती उघडून देवापुढे ठेवायची. वर हळदकुंकू, ओलं गंध, ओली फुलं. निरांजन अगदी खेटून. पान काजळीनं काळं झालं. मग मी काटकसरी बाई, घरातल्याच खोडरबरानं घासलं. कोपरा फाटला.

कुणीतरी काकांचं नाव सांगितलं, तेव्हा मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. काकांनी वही पाहिली. रागावले नाहीत. म्हणाले, काजळी जाईल, हळदीचा पिवळेपणा राहील. पण शाईही काळीच, तीसुद्धा काजळीबरोबर जाऊ शकते. मी म्हटलं, मग राहूच द्या. तर म्हणाले, "ताई, मला घाई नाही. तुम्हाला आहे का?"

मला नव्हती. त्यांनी मला शेजारी बसवलं, डोळ्यांना जाड चष्मा दिला. आधी रिकाम्या जागेवर प्रकाशाचा एक ठिपका. मोहरीएवढा कागद उजळला. मी हात जोडले. ते हसले. म्हणाले, मशीनला नमस्कार चालेल, उदबत्ती तेवढी लावू नका.

पुढे कितीतरी दिवस त्यांनी फक्त ओळींच्या मधली काजळी काढली. अक्षरांवर प्रकाश पडू दिला नाही. मग एकदा त्यांचाच फोन आला. हात जरा चुकला, एक शब्द पुसट झालाय. गुपचूप शाई फिरवली असती, तर मला कळलं असतं का? नसतं कळलं. पण ते म्हणाले, "सासूबाईंच्या वहीत मी माझं अक्षर घालणार नाही."

मी ती ओळ चालीवर म्हणून पाहिली. तो शब्द आपोआप तोंडात आला.

यंदा दसऱ्याला पूर्ण आरती झाली. सुनेनं वाचली, आम्ही मागून म्हटली. वही निरांजनापासून चांगली लांब. परत देताना काकांनी बजावलंच होतं, "गंध देवाला. वहीला कोरडा नमस्कार पुरे." संध्याकाळी दिवा लावताना मी देवीच्या पाठोपाठ त्यांचं नाव घेते. घेत राहीन.

काकू, तुम्ही फोटोपुढे काकांची कामाची वही ठेवलीय. आत आले तेव्हा तिच्यावर कुणीतरी ओली फुलं वाहिली होती. मी ती उचलून तबकात ठेवली. रागावू नका. काकांनी तेच केलं असतं.

आता सगळे उभे राहूया. दोन मिनिटं कुणी बोलू नका. मग एकेकानं पुढे येऊन नमस्कार करा. फक्त आधी हात पुसून घ्या.