दुखायच्या आधी

वरवट बकाल गावातल्या शिबिरात आम्ही तोंडाचा कॅन्सर ओळखायची नवी तपासणी करून पाहत होतो, तेव्हाची गोष्ट. सुई नाही, सुरी नाही. लाकडी पट्टीने गाल आतून हलकेच खरवडायचा, ते काचेवर पसरायचं आणि काच शहरात सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची.

तंबाखू खाणाऱ्या सरूमावशी म्हणाल्या, "मले काई दुखत नाई, डाक्टर. काऊन तपासून घेऊ?"

"दुखायच्या आधी सापडावा म्हणून."

"मंग पाह्य."

काचेवर कॅन्सरच्या पेशी दिसल्या; रोग अगदी सुरुवातीचा होता. ऑपरेशन झालं, मावशी बऱ्या झाल्या.

पुढच्या शिबिरात त्यांनी थोरल्या भावालाच धरून आणलं. तो ओठ घट्ट मिटून बसला.

मावशी म्हणाल्या, "दादा, तोंड उघड. म्या उघडलं म्हून आज तुह्यासंगं बोलून राह्यली."