लॉरीची समोरची कमान

सेहेचाळीस सालची गोष्ट. सायकलचा दिवा घ्यायला मारोतराव नागपूरला बर्डीवर भैयाजींच्या मोटारसामानाच्या दुकानात गेले, तर त्यांच्या पुढं काटोलचे रुपराव बायकोला घेऊन लॉरीच्या स्प्रिंगसाठी उभे होते.

“लॉरीची समोरची कमान तुटली, भैयाजी. परवा पोरीचं वऱ्हाड कुहीले न्यायचं हाये.”

“लॉरी कोणत्या सालची, रुपरावजी?”

“साल कोणाले माहीत गा! हिरवी हाये.”

“अवो, रंग काय सांगता? आपली शामला रांगत होती तवा घेतली. अन् आता तिले सतरावं लागलं, तिचंच लग्न हाये.”

“म्हंजे तीस सालची. लांबी किती, बाई?”

“हे घ्या सुतळी. दुसऱ्या बाजूची कमान मोजून गाठी मारून आणल्या.”

भैयाजींनी माळ्यावरून एक कमान काढली आणि सुतळी लावून पाहिली.

“बराबर हाये! पण जोडीच बदला. एकीकडं नवी अन् एकीकडं जुनी असली, का गाडी वाकडी चालते.”

“काहून?” बाईंनी रुपरावांकडं बोट दाखवलं. “हे माह्याहून बारा वर्सं जुने. आमची संसाराची गाडी चालूनच राहिली न अठरा वर्सं?”

“म्हणूनच सांगतो, भैयाजी,” रुपराव घाईघाईनं म्हणाले, “दोन्ही द्या!”